कॅलेंडरवरचा आपला चौकोन

मैत्रिणींनो, तुमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर एकदा नीट बघा बरं. दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, भिशीचा दिवस, मुलांच्या परीक्षा, नवऱ्याची विम्याची तारीख, सासऱ्यांच्या डोळ्यांची तपासणी, संकष्टी, एकादशी... त्या एवढ्याशा चौकोनांत सगळ्या घरादाराची नोंद असते. आता त्यात तुमची स्वतःची अशी एखादी नोंद शोधा. माझ्या कॅलेंडरवर मी परवा शोधली. संपूर्ण सप्टेंबरात एकही सापडली नाही!

आठ दिवसांवर घट बसणार आहेत. पाऊस सरत आला आहे. आमच्या सांगली-मिरज भागात आता खरा हंगाम सुरू होतो. उसाचा तर होतोच, पण मी म्हणते तो गाण्याचा, नाटकाचा, जत्रांचा, दिवाळीनंतरच्या भटकंतीचा. दिवाणखान्याच्या दारात निमंत्रणपत्रिका येऊन पडतात. त्यांच्यावर 'सहकुटुंब, सहपरिवार' असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात जातं कोण? घरातले पुरुष जातात, कॉलेजची मुलं जातात. आणि आपण? आपण त्यांच्या जेवणाची वेळ सांभाळतो.

माझ्या सासूबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही मिरजेतलं. मिरजेच्या अंबाबाई मंदिरात नवरात्रात संगीत महोत्सव होतो. गावोगावचे नामवंत गायक-वादक तिथं देवीपुढं सेवा म्हणून हजेरी लावतात. मंदिरापासून दोन गल्ल्या सोडून आमचं जुनं घर. सासूबाई सांगायच्या, "चाळीस वर्षं मी गाणं ऐकलं गं, पण मागच्या खिडकीतून. भाकरी थापताना तान यायची, मग तवा जरा बाजूला ओढायचा आणि ऐकायचं." समोर बसून ऐकलं का, असं मी विचारलं की हसायच्या. "समोर बसले असते तर भाकरी कुणी केली असती?"

दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. घट बसायचे दिवस आले, की ती मागची खिडकी मला आठवते. म्हणूनच यंदा या सदरात फराळाच्या आणि उपवासाच्या पदार्थांऐवजी येत्या तीन-चार महिन्यांच्या कार्यक्रमांविषयी लिहायचं ठरवलं. तुमचं गाव वेगळं असेल. मी माझ्या गावाचं सांगते, तुम्ही तुमच्या गावाचं आठवा.

नवरात्रातल्या गाण्याचं सांगितलंच. पण मिरजेला हे गाणं आलं कुठून, हे आपल्या मुलींना माहीत आहे का? विष्णु दिगंबर पलुस्कर याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि पुढं १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. आज आपल्या मुली गाण्याच्या प्रवेशिका, मध्यमा, विशारदच्या परीक्षा देतात, त्यांचं मूळ तिथवर जातं. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली वारले आणि ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच विसावले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसाच्या वेळी तिथं संगीतसभा होते. उरूस हिजरी महिन्यांप्रमाणं येतो, त्यामुळं दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. तेव्हा गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नका, आधी चौकशी करून ठेवा. देवीपुढं गाणं आणि दर्ग्यात गाणं, श्रोते बऱ्याच अंशी तेच. आमच्या गावाची ही मोठी कमाई आहे असं मला वाटतं. ती भाषणांनी टिकत नाही, दोन्हीकडं जाऊन बसणाऱ्या माणसांमुळं टिकते.

खाँसाहेबांची मुलगी हिराबाई बडोदेकर. १९०५ साली मिरजेतच जन्मल्या. बायकांनी चार भिंतींबाहेर गाणं म्हणजे भलतंच काहीतरी, असं समजायचे ते दिवस. अशा काळात हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. साधं नेसणं, शांत बसणं आणि निखळ गाणं. त्यांच्यामुळं घरंदाज मुलींना गाणं शिकायची वाट सोपी झाली. आणि योगायोग बघा, त्याच १९०५ साली, त्याच मिरजेत बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत दाखल होऊन पहिल्यांदा शकुंतला म्हणून उभे राहिले. पुरुषानं नेसलेल्या शालूचं कौतुक करायला गाव लोटायचं. आणि स्वतः बाईनं रंगमंचावर उभं राहायला पुढं कितीतरी वर्षं जावी लागली. हिराबाईंनी आणि त्यांच्या भावंडांनी स्वतःची नाटक मंडळी काढली, तेव्हा त्या स्वतः नायिका म्हणून उभ्या राहिल्या.

नाटकाचा विषय निघालाच आहे, तर ५ नोव्हेंबर ही तारीख आत्ताच लाल पेनानं गोल करून ठेवा. मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली याच तारखेला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' हा खेळ केला. राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांचा त्याला आश्रय होता. म्हणून तर सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. दरवर्षी या दिवशी सांगलीत रंगभूमीची सेवा केलेल्या कलावंताला विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं. मला मात्र दरवेळी एकच गोष्ट मनात येते. मराठी नाटकाची सुरुवात सीतेच्या स्वयंवरानं झाली, पण ती सीता पुरुषच होता! बायका रंगमंचावर तर नव्हत्याच, प्रेक्षकांत तरी किती असतील? आज पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली. रंगमंचावर आपण पोचलो. प्रेक्षकांतल्या खुर्चीपर्यंत पोचलो का, हा माझा प्रश्न आहे.

सांगलीहून हरिपूरला जायला चार-पाच किलोमीटर. कृष्णा आणि वारणेचा संगम तिथं आहे, संगमेश्वराचं देऊळ आहे. श्रावणी सोमवारी आपण जातो, पिंडीला पाणी घालतो आणि घाईनं परत येतो. पण हे गोविंद बल्लाळ देवलांचं गाव, हे कितीजणींना ठाऊक आहे? १८९९ साली त्यांचं 'संगीत शारदा' रंगभूमीवर आलं. कोवळ्या मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावण्यावर त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी नाटक लिहिलं. पुष्कळजणींना वाटतं, बालविवाहाचा 'शारदा कायदा' या नाटकावरून आला. तसं नाही. तो १९२९चा कायदा हरबिलास सारडा यांच्या नावानं ओळखला गेला. पण नावाचा हा घोटाळा होण्याइतकी ती शारदा लोकांच्या मनात बसली होती, हे खरं. आणि मैत्रिणींनो, वस्तीवर काम करताना दहावीच्या आत हळद लागलेल्या मुली मला आजही भेटतात. म्हणून मी म्हणते, नाटक बघणं म्हणजे नुसती करमणूक नव्हे. शाळेच्या पालकसभेत मी तासभर बोलले तरी आयांच्या जे गळी उतरत नाही, ते एक चांगला प्रयोग उतरवतो.

याच हरिपुरात जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायचे. २००५च्या महापुराचं पाणी त्यांत शिरलं आणि पुष्कळ पेवं निकामी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण पेव म्हणजे काय, हे आमच्या शेजारच्या इंजिनिअर मुलीला सांगता आलं नाही. चूक तिची नाही. तिला कुणी तिथं नेलंच नव्हतं.

५ नोव्हेंबरला आणखी एक गोष्ट सुरू होते. पक्षी सप्ताह. अरण्यऋषी म्हणून ज्यांना आपण ओळखतो ते मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. चितमपल्ली २०२५च्या जूनमध्ये गेले. आता त्यांच्या आठवणीसाठी तरी एक सकाळ काढायला हरकत नाही. पुढं १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यांतला पन्हाळा आमच्याकडून सकाळी निघून दिवेलागणीला घरी येण्याइतका जवळ. नदीकाठच्या घाटांवर त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे असतात, त्याला तर तिकीटही नाही आणि आमंत्रणही नाही. मिरजेजवळ दंडोबाचा डोंगर आहे, देवराष्ट्र्याला माणसांनी झाडं लावून उभं केलेलं सागरेश्वर अभयारण्य आहे. थंडीत तिथं हरणं बघत चालायला काय सुरेख वाटतं!

एवढं सगळं अंगणात असताना आपण घरात का?

"वेळ कुठाय हो?" हे पहिलं उत्तर. ते खोटं नाही. पण मी मंडळातल्या बायकांना खोदून खोदून विचारलं तेव्हा वेगळीच कारणं निघाली. एक म्हणाली, "नऊचा कार्यक्रम साडेदहाला सुरू होतो. परत येताना रिक्षा मिळत नाही." दुसरी म्हणाली, "सोबत कोण? एकटी गेले तर सासरे विचारतात, कशाला?" तिसरी जरा चाचरतच म्हणाली, "ताई, तिथं बाथरूमची सोय नसते. मी दुपारपासून पाणीच पीत नाही."

हे तिसरं कारण माझं स्वतःचं आहे. एका गावातल्या एका मोठ्या कार्यक्रमाला मी सासूबाईंना हौसेनं घेऊन गेले होते. गावाचं आणि संस्थेचं नाव सांगत नाही, कारण असं एकाच ठिकाणी घडत नाही. मांडव झकास, फुलांची आरास, पाहुण्यांना फेटे. बायकांच्या स्वच्छतागृहाला मात्र कुलूप! किल्ली कुणाकडं, हे कुणालाच माहीत नाही. सत्तरी उलटलेल्या सासूबाई मध्यंतरापर्यंत कशाबशा बसल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "चल, घरी जाऊ." वाटेत एवढंच बोलल्या, "खिडकीतूनच बरं होतं." ते वाक्य मला आजतागायत टोचतं.

तेव्हा संयोजक मंडळींना हात जोडून सांगणं आहे. बायका येत नाहीत, त्यांना आवड नाही, असं म्हणण्याआधी चार गोष्टी करून बघा. स्वच्छतागृह उघडं ठेवा, तिथं पाणी आणि दिवा ठेवा, दाराला आतून कडी आहे का ते आधी बघा. कार्यक्रम सांगितल्या वेळेला सुरू करा आणि पत्रिकेवर संपायची वेळही छापा. म्हणजे घरी सांगता येतं, "साडेनऊला येते." म्हाताऱ्या बायकांसाठी पुढं नाही तरी कडेला पंचवीस खुर्च्या राखा, सगळ्यांना सतरंजीवर मांडी घालता येत नाही. आणि एखादा तरी कार्यक्रम दुपारी तीन ते सहा असा ठेवून बघा. ती आमची वेळ आहे. मांडव नाही भरला तर मला येऊन सांगा. सत्कारावर जो खर्च होतो, त्यात हे सगळं बसतं. शाल-श्रीफळ दोन कमी द्या.

पण सगळा दोष संयोजकांवर टाकून आपण सुटायचं का? गेल्या वर्षी आमच्या मंडळानं ठरवलं, की सहलीच्या नावाखाली दरवेळी देवदर्शन आणि साडीखरेदी पुरे. नोव्हेंबरात सकाळी सहाला आम्ही बाराजणी कृष्णेच्या घाटावर जमलो. एका मैत्रिणीच्या मुलानं त्याची दुर्बीण दिली होती. खंड्या दिसला, वेडे राघू दिसले, बगळे तर रांगेनं. शेपटी सतत वरखाली करत एक पक्षी वाळूवरून तुरुतुरु चालत होता. आम्ही पुस्तक चाळतोय तोवर आमच्या भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "अवो, त्यो परीट न्हवं का! थंडी पडली की येतोय, कापडं आपटल्यागत शेपूट आपटतोय, म्हणून परीट." थंडीचा हा पाहुणा त्यांना लहानपणापासून माहीत होता. पुस्तक मिटून आम्ही त्यांच्याकडूनच पुढचे पक्षी शिकलो. साडेसातला सगळ्याजणी घरी. मुलांचे डबे वेळेवर गेले. खर्च चहाचा, एकशे वीस रुपये, तोही बाराजणींत.

दुसऱ्या वेळी दुपारी तीनला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलो. जन्म मिरजेत गेलेल्या आमच्यातल्या सहाजणी त्या गल्लीत पहिल्यांदाच येत होत्या! पूर्वी ही शिकलगार घराणी हत्यारं घडवायची. संस्थानी दिवस पालटले, हत्यारांचं काम सरलं, तेव्हा त्याच हातांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे ते भलेमोठे वाळलेले भोपळे, त्यांना चढवलेली लाकडी दांडी, आणि तारेखाली घोडीवर कानस मारून मारून काढलेली ती जवारी. कारागीर म्हणाले, "जवारी हातानं नाही, कानानं लागते." बायकांसाठीचा तानपुरा थोडा लहान असतो, कारण आपली पट्टी वरची. तो त्यांनी आमच्यातल्या एकीच्या हातात दिला. ती मध्यमापर्यंत शिकलेली, लग्नानंतर सुटलं. तीस वर्षांनी तिनं तार छेडली. आवाज फुटला नाही तिचा, नुसतेच डोळे भरले. आता ती मंगळवारी दुपारी दोन शेजारणींच्या मुलींना अलंकार शिकवते. तिच्या सासूबाईंनी सांगितलंय, तेवढा तास मी दार उघडणार, तू उठायचं नाहीस.

बघा, एका दुपारनं एवढं होतं.

आपण आणखी एक काम करू शकतो, आणि ते आपल्याशिवाय कुणीच करणार नाही. वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, देवळं, वाडे येतात. पण जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, रुखवताची नावं, बाळंतविड्याची यादी, हासुद्धा वारसाच. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! त्या सगळ्या आपल्यासारख्याच बायकांनी रचलेल्या. कुणाचं नाव कुठं छापून आलं नव्हतं.

माझ्या सासूबाईंना ओव्या येत होत्या. त्या पहाटे गुणगुणायच्या आणि मी शेजारच्या खोलीतून ऐकायचे. माझ्याकडं मोबाईल होता, त्यात आवाज टिपायची सोय होती. "निवांत बसून घेऊ एकदा सगळ्या," असं मी कितीदा म्हणाले असेन. तो निवांतपणा आला नाही. आज मला त्यांतल्या जेमतेम तीन आठवतात, त्याही अर्ध्या. सासूबाई चाळीस वर्षं खिडकीतून गाणं ऐकत राहिल्या असं मी हळहळून सांगते, पण त्यांचं गाणं मीही भिंतीपलीकडूनच ऐकलं. समोर जाऊन बसले नाही. त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

म्हणून या वारसा सप्ताहात आमच्या मंडळानं ठरवलंय, की प्रत्येकीनं घरातल्या किंवा शेजारच्या एका वयस्क बाईपाशी तासभर बसायचं. तिला येत असेल ते गाणं, ओवी, उखाणा, कहाणी मोबाईलवर टिपून घ्यायची. तिचं पूर्ण नाव, माहेरचं गाव आणि तारीख आधी बोलून घ्यायची, आणि तिची परवानगी विचारायची. एवढंच. भाषण नको, उद्घाटन नको, हारतुरे नकोत.

तुमच्या गावात मिरजेसारखी सतार नसेल. पण ग्रामदैवताची यात्रा असेल, जुनी बारव असेल, भजनी मंडळ असेल, गावाच्या वरच्या अंगाला एखादी टेकडी असेल, वाचनालयाची व्याख्यानमाला असेल. त्याची तारीख कुठं मिळते? वाचनालयाच्या फळ्यावर, देवळाच्या भिंतीवर, आणि आपल्या याच वर्तमानपत्रात आतल्या पानावर बारीक अक्षरात. ते पान रद्दीत टाकण्याआधी, पोळीच्या डब्याखाली अंथरण्याआधी एकदा वाचा.

आणि मग पेन घेऊन कॅलेंडरपाशी जा. दुधाचा खाडा आणि गॅसची तारीख यांच्या मधला एक चौकोन आपला करा. त्यात लिहा, 'मी, गाणं' किंवा 'मी, नाटक' किंवा नुसतंच 'मी, घाट'. घरातलं कुणी विचारेल, हे काय? सांगा, त्या दिवशी संध्याकाळी पिठलं-भात आहे, तोही गार. एक दिवस गार जेवल्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

मी माझा चौकोन भरलाय. नवरात्रातली पाचवी माळ, अंबाबाईचं मंदिर. शेजारच्या दोन काकूंना घेऊन जाणार आहे. समोर बसायचंय, खिडकीतून नाही.